गाडी न काढता कोकण किनारा : स्टेशनवर उतरल्यावर समुद्रापर्यंत कसं जायचं?

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली की 'कोकणात कुठे जावं' असे धागे निघायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात कोणीतरी हमखास लिहितं, 'स्वतःची गाडी असेल तरच जा.' हे वाक्य वाचून कितीतरी लोक बेत रद्द करतात. ज्यांना गाडी चालवता येत नाही, ज्यांच्याकडे गाडीच नाही किंवा ज्यांना महामार्गावर आठ-दहा तास बसवत नाही, अशांनी समुद्र बघायचाच नाही का? मी वर्षानुवर्षं रेल्वे, एसटी आणि फेरीबोटीनेच हा किनारा फिरतो आहे. म्हणून मला माहीत असलेलं सगळं एका जागी लिहून ठेवतो. तुम्हीही भर घाला.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. मुंबई ते कोकण हा प्रवास आता अवघड राहिलेला नाही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्गावर सुरू झाली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, वाटेत नव्वदहून जास्त बोगदे. पण ही रेल्वे आपल्या भागात समुद्राच्या काठाने धावत नाही. मुखापाशी खाड्या रुंद असतात, त्यामुळे रूळ बरेच आतून, सह्याद्री आणि किनारा यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातून गेले आहेत. महामार्गही आतूनच जातो. म्हणजे गाडी मिळाली, सीट मिळाली, झोप झाली, आणि सकाळी आपण समुद्रापासून तीस ते पन्नास किलोमीटर आत कुठल्यातरी स्टेशनवर बॅगा घेऊन उभे. सुट्टी सुखाची होणार की त्रासाची, ते इथून पुढच्या दीड-दोन तासांवर ठरतं. चर्चा मात्र वंदे भारत, चौपदरीकरण आणि विमानतळाचीच होते.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की गाव निवडायच्या आधी स्टेशन निवडा आणि त्या स्टेशनवरून किनाऱ्यापर्यंत एसटी कशी आहे ते बघा. उत्तरेकडून सुरुवात करतो.

खेड : दापोलीसाठी. खेड ते दापोली तीसेक किलोमीटर, एसटी भरपूर. पण दापोली समुद्रावर नाही, ते वर पठारावरचं थंड हवेचं गाव. मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले या समुद्राकाठच्या गावांना दापोली स्टँडवर दुसरी गाडी धरावी लागते. दोनदा चढ-उतार होते, हे सामान घेताना लक्षात ठेवा.

चिपळूण : गुहागरसाठी, आणि गाडीशिवाय जायचं असेल तर माझ्या मते सगळ्यात सोयीचं. पंचेचाळीसेक किलोमीटर, मार्गताम्हाने, शृंगारतळी करत दीडेक तासात गुहागर. खरी मजा पुढे आहे. गुहागर स्टँडवर उतरलं की बाजारपेठ, व्याडेश्वराचं देऊळ आणि समुद्र सगळं पायी. नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या मधल्या पाखाडीतून पाच-दहा मिनिटं चाललं की सुरूच्या झाडांपलीकडे थेट पुळण. घरगुती राहण्याची सोय त्याच वाड्यांमधून असते. तिथे पोचल्यावर दोन दिवस वाहनाची गरजच पडत नाही. असं गाव या किनाऱ्यावर क्वचित.

एक सूचना : चिपळूण स्टेशन गावाबाहेर आहे. तिथून एसटी स्टँडपर्यंत रिक्षा करावी लागते. रत्नागिरीलाही तेच, स्टेशन कुवारबावला आणि स्टँड शहरात.

रत्नागिरी : गणपतीपुळ्यासाठी. इथे सगळ्याच गाड्या थांबतात, एसटीही आहे. फार लिहीत नाही, माहिती सर्वत्र मिळते.

राजापूर रोड : नावावर जाऊ नका. स्टेशन सोलगावला, राजापूर शहरापासून बरंच लांब.

कणकवली : देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. एसटी आहे, पण अंतर जास्त.

कुडाळ : मालवण-तारकर्लीसाठी सगळ्यात जवळचं मोठं स्टेशन. तीसेक किलोमीटर.

सावंतवाडी रोड : वेंगुर्ले, शिरोडा, रेडी.

गाड्यांबद्दल थोडं. रात्री निघून सकाळी पोचायचं तर कोकणकन्या. दिवसा बाहेर बघत, खात-पीत जायचं तर मांडवी. तिच्या पॅन्ट्रीची ख्याती उगाच नाही. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणून शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर आरक्षण शनिवारच्या तारखेचं करावं लागतं. हे नीट वाचा, कारण चुकीच्या तारखेचं तिकीट घेऊन दादरला आलेली कुटुंबं मी फलाटावर पाहिली आहेत आणि फार वाईट वाटतं. वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली. ती खेड, रत्नागिरी, कणकवलीला थांबते. चिपळूण, कुडाळ आणि सावंतवाडीला थांबत नाही. म्हणजे गुहागरला आणि मालवणला जाणाऱ्यांची दोन्ही सोयीची स्टेशनं तिने वगळली आहेत. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलं होतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही.

फेरीबोटींवर वेगळं लिहायचं आहे. आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

सुरंगी

किती छान लिहिलंय! मला नेमकी हीच माहिती हवी होती. आम्ही ठाण्याचे. मी, माझी आई (वय ७२, गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा) आणि दोन मुलं, एक सातवीत, एक तिसरीत. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे गाडी चालवणारं कोणी नाही. डिसेंबरच्या सुट्टीत चार रात्री. आईला आयुष्यात एकदा सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय. मुलांना वाळू हवी. मला कोणाच्या उपकाराशिवाय स्वतःच्या हिमतीवर सगळ्यांना नेऊन आणायचंय. गुहागर की मालवण?

स्टीअरिंग

खाडीपल्याड, तुमची कळकळ समजते, पण वयस्कर आई आणि दोन मुलं असताना एसटीचा सल्ला देणं मला पटत नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो. चौपदरीकरण रखडलं हे खरं, पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ ला सुरू झालं होतं आणि त्याची रखडपट्टी आपण सगळ्यांनी भोगली. तरी बराचसा रस्ता आता सुधारलाय. सरळ चालकासह गाडी भाड्याने घ्या. किनाऱ्यावर चार ठिकाणं बघायची तर हाताशी गाडी हवीच. किल्ला एकीकडे, तारकर्ली दुसरीकडे, देवबाग त्याच्या पुढे. आईंना उन्हात स्टँडवर ताटकळत ठेवणार का?

चौके_तिठा

मी मालवणातलाच, घरी पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. जाहिरात करत नाही, म्हणून नाव-गाव देत नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

सुरंगीताई, आईंना किल्ला बघायचा आहे तर प्रश्नच मिटला, मालवणला या. कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरा. स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या असतात. दोन पर्याय आहेत. एक, रिक्षाने कुडाळ स्टँडवर जाऊन मालवणची एसटी. दुसरा, स्टेशनवरून थेट मालवणपर्यंत रिक्षा किंवा टॅक्सी. दुसरा महाग पडतो, पण चार माणसं, सामान आणि आईंचे गुडघे बघता येताना तोच करा. जाताना एसटी घ्या, तेव्हा घाई नसते. भाडं बसायच्या आधी ठरवा आणि जिथे राहणार त्यांना आदल्या दिवशी फोन करून त्या दिवसाचा चालू दर विचारा. आम्ही नेहमी सांगतो.

राहायचं कुठे हे मात्र नीट ठरवा. सगळे तारकर्ली-देवबाग म्हणतात. ते सुंदर आहेच, पण गाडी नसेल तर संध्याकाळनंतर तिथे अडकून पडायला होतं. तारकर्ली मालवणपासून सहा-सात किलोमीटर. मालवण गावातच, चिवला वेळेजवळ (वेळ म्हणजे आमच्याकडे समुद्रकिनारा) किंवा दांडीकडे राहा. बाजार, जेटी, स्टँड, डॉक्टर सगळं हाकेच्या अंतरावर. चिवल्याला समुद्र शांत असतो, मुलांना बरा.

किल्ल्याची होडी जेटीवरून सुटते. आईंना होडीत चढ-उतार करताना हात धरायला माणूस लागेल, तसं होडीवाल्याला आधी सांगा, ते सांभाळून घेतात. सकाळी लवकर जा. उन्हं चढली की किल्ल्यातली चाल जड जाते. सगळा तट फिरायचा हट्ट नको. दरवाजा, शिवराजेश्वराचं मंदिर, गोड्या पाण्याच्या विहिरी एवढं बघून सावलीत बसा. आणि पावसाळ्यात ही होडी बंदच असते. २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी जलवाहतुकीला बंदी असते, ती साधारण पाळली जातेच. दरवर्षी जूनमध्ये लांबून आलेले लोक जेटीवर उभे राहून लांबूनच किल्ला बघून परत जातात. आमच्या जीवाला लागतं ते.

सुरंगी

चौके_तिठा दादा, डोळ्यांत पाणी आलं हो. मालवण गावातच राहणार, ठरलं.

खाडीपल्याड

@स्टीअरिंग, चालकासह गाडी हा चांगला पर्याय आहेच, परवडत असेल तर जरूर घ्यावी. माझा मुद्दा वेगळा आहे. एसटीने गेलं की आई उन्हात ताटकळतात, हे मान्य. पण त्याला उपाय 'सगळ्यांनी गाड्या आणा' हा नाही. मे महिन्यात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणच्या बाजारात, दापोलीच्या आडे-आंजर्ल्याच्या अरुंद रस्त्यांवर काय होतं ते तिथल्या लोकांना विचारा. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाने वाडीच्या गडग्याला खेटून मागे घ्यायची. असे रस्ते रुंद करायचे तर लोकांची अंगणं आणि माड जाणार.

हवं ते फार साधं आहे. रेल्वे यायच्या वेळेला स्टेशनच्या आवारातून किनाऱ्याला जाणारी बस. आज काय होतं? सकाळची गाडी पाऊण तास उशिरा येते. एकेरी मार्ग, रोहा ते वीर एवढाच पट्टा दुहेरी झालेला, त्यामुळे समोरच्या गाडीला वाट देत थांबावं लागतं. तोवर स्टँडवरची एसटी तिच्या वेळेला निघून गेलेली. त्या बसमध्ये दहा माणसं आणि स्टेशनवर शंभर माणसं रिक्षा शोधत. एसटीचे आणि रेल्वेचे वेळापत्रक करणारे एकत्र बसले तर हा प्रश्न पुष्कळ सुटेल.

सवलतीचं सांगायचं राहिलं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढे मोफत. सुरंगीताई, तुम्ही आणि आई दोघी अर्ध्या तिकिटात. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.

रंकाळा

मुंबईकरांचं झालं, आता आमचं घाटावरचं बोलू. कोल्हापूरहून कोकणात जायला रेल्वे नाहीच. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग वर्षानुवर्षं कागदावर आहे, कराड-चिपळूणही तसाच. आम्हाला घाट आणि एसटी यांशिवाय गत्यंतर नाही. रत्नागिरीकडे आंबा घाट, मालवण-देवगडकडे गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, नाहीतर राधानगरीवरून फोंडा. बेळगाव आणि गडहिंग्लजवाले आंबोलीने उतरतात.

आमच्या बाजूच्या एसटीचा मोठा फायदा म्हणजे ती थेट किनाऱ्यावरच्या गावात नेऊन सोडते, मधे स्टेशनची भानगड नाही. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला माशाचं ताट समोर. पण पावसाळ्यात घाटात दरड आली की सगळी गणितं कोलमडतात. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी घाट चालू आहे का ते स्टँडवर फोन करून विचारा.

पुणेकरांनो, तुम्हालाही कोकणात जाणारी रोजची रेल्वे नाही. ताम्हिणीने माणगाव, वरंध्याने महाड, कुंभार्लीने चिपळूण. नाहीतर पनवेलला जाऊन गाडी बदला.

अनघा_पनवेल

पनवेलला गाडी बदलणाऱ्यांनी मधे पुरेसा वेळ ठेवा, एवढंच. +१ बाकी सगळ्याला.

जुना_प्रवासी

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो. वय झालंय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, कारण मुंबईहून माणूस थेट समुद्रातूनच येत असे. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीपर्यंत. सगळीकडे धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. वर-खाली होणाऱ्या पडावात खलाशी लहान मुलांना अक्षरशः झेलून घेत. आईच्या कडेवरून खलाशाच्या हातात जातानाचा तो क्षणभराचा अधांतर मला अजून आठवतो. पावसाळ्यात ही वाहतूक बंद, मग घाटावरून लांबचा वळसा. समुद्र भरात असताना काय होऊ शकतं ते १७ जुलै १९४७ ला रामदास बोटीने दाखवलं. रेवसला जाणारी बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरात त्या बोटीचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे.

मी हे उगाच सांगत नाही. तेव्हा दाभोळ, जैतापूर, वेंगुर्ले ही कोकणची पुढची दारं होती. माणूस, माल, टपाल, वर्तमानपत्र आधी तिथे यायचं आणि मग आत जायचं. आगबोटी बंद झाल्या, रस्ते आणि पुढे रेल्वे आतून गेली, आणि तीच दारं परसदारं झाली. आज जैतापूरला जाणारा माणूस आधी डोंगरातल्या स्टेशनवर उतरतो आणि मग समुद्राकडे यायला वाहन शोधतो. खाडीपल्याड म्हणतात ती तीस-पन्नास किलोमीटरची अडचण अशी तयार झाली. रेल्वेबद्दल माझी तक्रार नाही. नाथ पै, मधु दंडवते यांनी तिच्यासाठी किती झगडा दिला ते डोळ्यांनी पाहिलंय. ती नसती तर आमची मुलं गणपतीला घरी आली नसती. पण रेल्वे आली तेव्हा तिला किनारा जोडून घेण्याचं काम अर्धवट राहिलं, ते कोणीतरी पुरं करायला हवं.

खाडीपल्याड

काका, नमस्कार करतो. हे लिहून ठेवलंत, फार बरं झालं.

आता फेरीबोटींबद्दल. गावात हिला जंगलजेटी म्हणतात. रुंद, सपाट बोट, पुढचा दरवाजा पाण्यात उतरत्या फळीसारखा खाली पडतो, त्यावरून आधी माणसं, मग दुचाक्या, मग मोटारी. माहीत असलेले मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे :

आगरदांडा ते दिघी, मुरुड-जंजिऱ्याहून दिवेआगर-श्रीवर्धनला जायला. बागमांडला ते वेश्वी, बाणकोटच्या खाडीतून, म्हणजे हरिहरेश्वरहून मंडणगड-दापोलीकडे. दाभोळ ते धोपावे, दापोलीहून गुहागरला. ही २००३ पासूनची, बाकीच्यांना वाट दाखवणारी. तवसाळ ते जयगड, गुहागरहून गणपतीपुळ्याला.

दाभोळ-धोपावे घ्या. पाण्यातून दहाएक मिनिटं. रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूणवरून सगळी खाडी वळसा घालून अर्धा दिवस. जेटीवरून दाभोळच्या अंडा मशिदीचा घुमट दिसतो, खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचं दीपगृह, आणि ज्याला आपण दाभोळ प्रकल्प म्हणतो तो वीजप्रकल्प खरं तर पलीकडे गुहागर तालुक्यात उभा आहे, हेही त्याच वेळी कळतं. बोटीला गर्दी असली की मोटारींची रांग लागते. पायी जाणाऱ्याला रांग नाही, तिकीट काढायचं आणि चढायचं. गाडी नसण्याचा असा फायदा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पण इथेही घोडं तिथेच अडतं. पलीकडच्या जेटीवर उतरल्यावर पुढे काय? धोपाव्याहून गुहागरला एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या आणि बोटीच्या वेळेशी त्यांचा संबंध नाही. तवसाळला तर फारच विरळ. म्हणून पायी प्रवाशांसाठी माझी पद्धत सांगतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या गावातल्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीवर जायचं आणि कंट्रोलरला विचारायचं, पलीकडून कुठली गाडी कधी आहे. फोनवरच्या नकाशावर खेड्यातल्या फेऱ्या नीट दिसत नाहीत. वस्तीची गाडी कोणती तेही विचारा. ती रात्री गावात मुक्काम करून पहाटे निघते, आणि ती मिळाली तर दिवस आपला. नाहीच जमलं तर पलीकडच्या एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर मुक्कामाच्या घरून घेऊन ठेवायचा.

स्टीअरिंग

यावर कायमचा उपाय म्हणजे सागरी महामार्ग. रेवस ते रेडी. अंतुले मुख्यमंत्री असताना मांडलेली कल्पना, चाळीस वर्षं झाली. मोठ्या खाड्यांवरचे पूल झाले की दाभोळहून धोपाव्याला बोटीसाठी थांबायला नको. किनारा किनाऱ्याने जोडला जाईल. मग सगळ्यांची सोय.

खाडीपल्याड

पूल हवेतच. गावातल्या आजारी माणसाला रात्री बोट बंद झाल्यावर पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर पुलाला पर्याय नाही, यावर वाद नाही. पण पूल झाला म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे त्याची सोय झाली. बाकीच्यांसाठी पुलावरून बस धावायला लागते, आणि बस सुरू करायला पूल व्हायची वाट बघायची गरज नाही. जैतापूरच्या खाडीवर पूल झाला, विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीवर झाला. रत्नागिरीहून देवगडला किनाऱ्याने जाणारा रस्ता आहे. त्या रस्त्याने रत्नागिरी-पावस-जैतापूर-विजयदुर्ग-देवगड-मालवण अशी दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळेला एक बस धावली तर? पूर्णगड, आंबोळगड, गिर्ये या गावांना पाहुणे मिळतील. आज ते सगळे तारकर्ली आणि गणपतीपुळ्यातच गर्दी करतात.

चौके_तिठा

ही बस झाली तर सगळ्यात आधी आम्ही गावकरी तिच्यात बसू. शाळा-कॉलेजच्या मुलांना, बाजाराला जाणाऱ्या बायकांना तीच पाहिजे आहे. पाहुण्यांच्या निमित्ताने का होईना.

देवबाग-भोगवेचं उदाहरण देतो. कर्ली नदीच्या मुखाशी अलीकडे देवबाग, पलीकडे भोगवे. समोरचा माणूस हात हलवताना दिसतो एवढं जवळ. होडीने पाच-दहा मिनिटं. रस्त्याने नदीवरच्या पुलापर्यंत मागे येऊन मोठा वळसा. पाहुणे सकाळी होडीने भोगव्याला जातात आणि खूश होऊन येतात, पण तिथून पुढे निवती, वेंगुर्ले करायचं म्हटलं की अडतात, कारण पलीकडे वाहन नाही.

चिपीच्या विमानतळाचं कोणी विचारेल म्हणून लिहून ठेवतो. तो याच भागात, परुळ्याजवळ. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं. विमानं कधी चालू, कधी बंद, असं चालतं. त्यामुळे तिकीट हातात आल्याशिवाय त्यावर बेत आखू नका. गोव्यातला मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तो पेडण्यात. शिरोडा-वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. पण मोप्याहून वेंगुर्ल्यापर्यंतचं वाहन आधी ठरवून ठेवावं लागतं, म्हणजे पुन्हा तोच मुद्दा.

आणि एक महत्त्वाचं. डिसेंबर झाल्यावर कोणी फेब्रुवारी-मार्चचा विचार करत असेल तर आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख बघून घ्या. ती पंचांगात ठरलेली नसते, कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की त्या आठवड्यातल्या सगळ्या गाड्या भरतात. जत्रेला यायचं असेल तर जरूर या, पण निवांत समुद्र हवा असेल तर तो आठवडा सोडा.

मे महिन्यात येणाऱ्यांना एक विनंती. आमच्याकडे मे महिन्यात बावींचा पानी तळाक जाता. आंघोळीला बादली वापरा, शॉवर नको. येवढा आयकलात तर आमका बरा वाटात.

मोरपंखी

गेल्या वर्षी आम्हाला एका मुक्कामाच्या ठिकाणाने 'स्टेशनवरून गाडी पाठवू' असं सांगून ऐनवेळी फोन उचलला नव्हता. लहान बाळ घेऊन दोन तास बसलो. शेवटी स्टेशनवरच्या चहावाल्या मावशींनी ओळखीचा रिक्षावाला बोलावून दिला. गाडी पाठवणार असतील तर चालकाचा नंबर आदल्या रात्रीच मागून घ्या, एवढं सगळ्यांना सांगते.

सुरंगी

सगळं वाचून बेत असा केलाय, चुकत असेल तर सांगा. जाताना कोकणकन्या, कुडाळला उतरून थेट रिक्षा, मालवणात तीन रात्री. मग चौथी रात्र गुहागरला करावी का? नकाशात जवळ दिसतंय. म्हणजे मुलांना फेरीबोटही बघायला मिळेल. परत चिपळूणहून ठाण्याला.

खाडीपल्याड

सुरंगीताई, गुहागर या खेपेला वगळा. मालवण ते गुहागर नकाशात किनाऱ्याने जवळ दिसतं, पण मधे जिल्हा ओलांडून जायचं आहे. एसटीने गेलात तर अख्खा दिवस बसमध्ये, आणि आईंच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. रेल्वेने कुडाळ-चिपळूण आणि पुन्हा बस, तरी दिवस गेलाच. चारही रात्री मालवणातच राहा. फेरीबोटीची हौस दुसऱ्या खेपेला, ठाण्याहून चिपळूण-गुहागर अशी वेगळी सुट्टी काढून भागवा. किंवा एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोने मुलांना नेऊन आणा, तासाभराचा प्रवास आहे.

परत येताना रात्रीची गाडी नको. मांडवीने दिवसा या, मुलं खिडकीत, आई आडव्या होऊ शकतील असा खालचा बर्थ. आरक्षणाच्या अर्जात आईंचं वय बरोबर घाला, खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. ६० दिवसांची खिडकी सकाळी आठला उघडते, पहिल्या काही मिनिटांतच बसा. डिसेंबरची शेवटची तिकिटं थांबत नाहीत.

चौके_तिठा

आणि मालवण स्टँडवरून कुडाळला निघताना मांडवीच्या वेळेच्या निदान दोन तास आधीची एसटी धरा. कुडाळ स्टँड ते स्टेशन रिक्षा लागते हे विसरू नका. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुडाळ बाजारात गर्दी असते. आईंसाठी किल्ल्याची होडी सकाळी पहिल्या खेपेची, आदल्या संध्याकाळी जेटीवर जाऊन सांगून ठेवा.

सुरंगी

ठरलं. चार रात्री मालवण, जाताना कोकणकन्या, येताना मांडवी. आईला वाचून दाखवलं सगळं. ती म्हणते, जुना_प्रवासी काकांना विचार, मालवणला आगबोटीतून उतरताना पडाव नेमका कुठे लागायचा, तिला ती जागा बघायचीय.

जुना_प्रवासी

त्यांना सांगा, आगबोट किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला उभी राहायची आणि पडाव बंदरावर यायचे. आज किल्ल्याच्या होड्या जिथून सुटतात त्याच भागात. होडीतून जाताना उजवीकडे-डावीकडे खडक दिसतील, ते चुकवत आत यावं लागे. तिथल्या जुन्या होडीवाल्यांना विचारलं तर ते बोट उभी राहायची ती जागा हाताने दाखवतील.